भोपळ्यांच्या टेबलक्लॉथची भिंत

१२ जानेवारी, सोमवार

ही वही गुडघ्याचा व्यायाम घेणाऱ्या मुलीने दिली. पाय किती वेळा वाकवला, किती दुखला, ते रोज लिहायचं म्हणे. आज वीस वेळा वाकवला. दुखला. झालं. आता उरलेलं पान कोरं कसं ठेवायचं? आमच्या आईने आम्हाला कापडाची चिंधी वाया घालवू दिली नाही, मग कागद कसा घालवणार?

तर खरं दुखणं गुडघ्याचं नाही. डॉक्टर म्हणतो, नवा गुडघा छान बसलाय, पण आता जमिनीवर रांगायचं नाही. गेली पन्नास वर्षं मी गोधडीचे तुकडे जमिनीवर मांडत आले. शेतावरच्या घरात मोठी खोली होती. सगळे तुकडे पसरायचे, खुर्चीवर चढून वरून बघायचं, उतरायचं, रांगत जाऊन दोन तुकडे बदलायचे, पुन्हा खुर्चीवर. गोधडी अशीच होते. एकेक तुकडा सुंदर असून चालत नाही, शेजाऱ्याशी पटावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये शेत आणि घर मुलाच्या, डेलच्या, हवाली करून आम्ही गावात या जुळ्या घरात भाड्याने आलो. एका बाजूला मी आणि एल्डन, दुसऱ्या बाजूला लव्हीना. मधे एकच भिंत. लव्हीनाला मी चाळीस वर्षं ओळखते. मनाने सोन्यासारखी आहे, पण सल्ला दिल्याशिवाय तिचं अन्न पचत नाही.

डेलच्या ब्रिनचं लग्न तेवीस मेला आहे. गहू कापणीच्या आधी, अर्थात. कापणीत लग्न करणारा माणूस आमच्या कॅन्ससमध्ये अजून जन्मायचाय. आमच्याकडे प्रत्येक नातवंडाला लग्नात आजीची गोधडी मिळते. ब्रिन म्हणाली, "आजी, मला तिन्हीसांजेचं आभाळ कर. आपल्या शेतावरून दिसतं ना, तसं." वर गडद निळं, मग जांभळं, गुलाबी, पिवळं आणि तळाला माती. बहात्तर चौकोन. नऊ एप्रिलच्या गुरुवारी ते जोडून चर्चच्या तळघरात न्यायला हवेत, म्हणजे तिथल्या बायका फ्रेमवर चढवून हाताने टाके घालतील. उशीर झाला तर ब्रिनच्या लग्नात आजीची गोधडी नाही. असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

जमीन नाही, तर भिंत हवी. आणि घरमालकाने बजावलंय की खिळा ठोकायचा नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

लव्हीनाने युक्ती सांगितली. (मी विचारलं नव्हतं.) प्लास्टिकचा टेबलक्लॉथ घ्यायचा, ज्याच्या पाठीला लव असलेलं फ्लॅनेल असतं. तो उलटा टांगायचा. सुती कापड त्या लवेला आपोआप चिकटून राहतं. टाचणी नको, काही नको. हवा तेव्हा चौकोन उचलायचा, हवा तिथे थापायचा. दुकानात नोव्हेंबरच्या सणाचे उरलेले दोन मिळाले. भोपळ्यांची चित्रं, दोन्हींचे मिळून चार डॉलर.

मी सूप गरम करेपर्यंत एल्डनने ते चिकटपट्टीने भिंतीवर लावूनही टाकले. सुलटे. भोपळे खोलीकडे.

"अरे, उलटी बाजू बाहेर हवी!"

"मग माणूस भोपळे बघणार कधी?"

"भोपळे बघायचे नाहीत, एल्डन."

"मग पैसे देऊन आणले कशाला?"

लग्नाला पन्नास वर्षं झाली. अजून कधीकधी कळत नाही, हा थट्टा करतोय की खरंच विचारतोय.

२० जानेवारी, मंगळवार

हीटरच्या कोरड्या हवेने चिकटपट्टी सुटली आणि दुपारी माझं अख्खं आभाळ भुईवर आलं. मी रडले. कापड पडलं म्हणून नाही. ते गोळा करायला मला वाकता येईना म्हणून. हातापायावर रांगत एल्डनने एकेक चौकोन उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मग गाडी काढून शेतावर गेला आणि वासरांच्या गोठ्याला उबेसाठी लावायचे हलके फोमचे दोन तक्ते घेऊन आला. एकाचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला. तक्त्यांवर टेबलक्लॉथ ताणून मागून टाचले, फ्लॅनेल बाहेर. पुस्तकांच्या कपाटाला जरा तिरके टेकवून ठेवले. पाहुणे आले की सोफ्यामागे सरकवता येतात.

चौकोन लावला. राहिला! दुसरा लावला. राहिला! खुर्चीत बसल्या बसल्या अख्खी गोधडी समोर. देवा, तुझे आभार. आणि तुझ्याखालोखाल एल्डनचे. जरा वासरांचा वास येतो, एवढंच.

२९ जानेवारी, गुरुवार

वरच्या दोन ओळी शिवून तळघरात दाखवायला नेल्या. गडद निळा, त्यात त्याहून गडद निळा. बायका बघत राहिल्या. मग एकजण म्हणाली, "वेगळं आहे हं, अर्ना." दुसरी म्हणाली, "हो, अगदी वेगळं."

आमच्या लोकांत तोंडावर वाईट कोणी म्हणत नाही. कोणाच्या 'पाय'मध्ये, त्या फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थात, साखरेऐवजी मीठ पडलं तरी आम्ही म्हणतो, "वेगळं आहे हं." मी स्वतः हे हजार वेळा म्हटलंय. पण आज त्यांना खरोखरच वेगळं वाटलं असणार. रंगांच्या बाबतीत सगळ्याजणी मलाच विचारत आल्यात. माझ्या नजरेला नजर लागेल इतकी माझी नजर चांगली, असं आमचे जुने पाद्री म्हणायचे.

हल्लीची कापडं मात्र मेली फिकी. निळ्यात जीव नाही. आणि हे दिवे! एल्डनने तिसऱ्यांदा बल्ब बदलला, तरी खोली चहाच्या रंगाची ती चहाच्याच रंगाची.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाय पंचवीस वेळा.

चमत्कारिक गोष्ट. बारीक पानांची नक्षी असलेला चौकोन मी तिसऱ्या ओळीत लावला होता. नक्की आठवतं. व्यायामाहून परत आले तर तो सहाव्या ओळीत! चेरींच्या नक्षीचा, आईच्या एप्रनमधून कापलेला, तोही दोन घरं सरकलेला. एल्डनला विचारलं. तो म्हणाला, "वारा असेल." बंद खिडक्यांतून वारा!

पुन्हा माझ्या जागी लावून टाकले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवारी आणि शुक्रवारी एल्डन मला व्यायामाला सोडतो आणि तासाने न्यायला येतो. आज घरी आले तर मोरीत कॉफीचे दोन कप. दोन बशा, दोन काटे. आणि पानांचा चौकोन परत सहाव्या ओळीत.

"कोण आलं होतं?"

"लव्हीना सफरचंदाचा पाय घेऊन आली होती."

"आणि माझा तुकडा कुठाय?"

"तो... मी खाल्ला."

शिवाय कचरा टाकायला जातो तो अर्धा तास जातो. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू येतं. मी एकाहत्तरची, तो चौऱ्याहत्तरचा, लव्हीना विधवा आणि तिचा सफरचंदाचा पाय गावात एक नंबर. या वयात माणसाला चळ लागतो का? लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. पण लिहिलेलं खोडत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चौदा चौकोन हललेले. चौदा! मी काठी घेतली आणि तडक शेजारी गेले. लव्हीनाने दार उघडलं.

"माझ्या भिंतीला तू हात लावतेस का?" मी विचारलं.

"चाळीस वर्षं तुझे सल्ले ऐकले. माझ्या नातीच्या गोधडीत नाही ऐकणार. माझ्या रंगांत तुझं नाक नको. यायचंच असेल तर मी घरात असताना ये, नाहीतर येऊ नकोस."

तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. म्हणाली, "हो, मीच हलवले. चुकलं माझं, अर्ना. पुन्हा नाही हलवणार."

जिंकून घरी आले. पण जेवण गेलं नाही. लव्हीना आजवर कुठल्याच वादात हरलेली नाही, आणि आज एका वाक्यात हरली. एल्डनला सांगितलं तर तो उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यातलं आधीच झाडलेलं बर्फ पुन्हा झाडू लागला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तळघरात लव्हीना फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला बसली. झ्वीबाक, आमचे ते दोन मजली बन, तिने सगळ्यांना वाढले, मलाही वाढले. "लोणी हवं?" एवढंच बोलली. मी नको म्हटलं. हवं होतं.

सुई ओवायला आज मला पाच वेळा प्रयत्न करावा लागला. शेवटी शेजारी बसलेल्या बाईने न विचारता ओवून दिली.

इथे खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही. मला भीती वाटते. आमच्या आईला सत्तराव्या वर्षी दिसेनासं होऊ लागलं. मग अकरा वर्षं ती खिडकीशी खुर्चीत बसून होती, हात मांडीवर, हातात काही नाही. शिवणाऱ्या बाईचे रिकामे हात मी रोज बघितलेत. म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

बल्बच खराब आहेत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकोन अजून हलतात. लव्हीना येत नाही, तरी हलतात. मी काही बोलले नाही. पाय तीस वेळा.

८ मार्च, रविवार

ब्रिन जेवायला आली होती. वेरेनिके केले, पनीर भरून उकडलेल्या करंज्यांसारखे, वर हॅमची ग्रेव्ही. तिने सात खाल्ले आणि मग भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. "आजी! हे तर आपलं आभाळ आहे!" म्हणून तिने गळ्यात हात टाकले. माझ्या जिवाचं सोनं झालं.

मग तिने शिवलेल्या दोन ओळी हातात घेतल्या आणि दिव्याखाली धरल्या.

"आजी, यात तपकिरी मुद्दाम घातलंयस का?"

"तपकिरी कुठे? गडद निळा आहे तो."

"हा?"

"हा."

"आणि हा?"

"तोही. काय गं, तुला रंग शिकवू का आता?"

तिने आजोबांकडे बघितलं. एल्डनने ताटाकडे बघितलं. पोरगी आमच्यातलीच, ती म्हणाली, "वेगळं आहे हं, आजी," आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा मला कळलं. तळघरातल्या बायकाही कळल्या, सुई ओवून देणारीही कळली. आयुष्यभर मी ज्या शब्दांनी दुसऱ्यांची लाज झाकली, त्याच शब्दांनी सगळ्यांनी माझी झाकली होती, आणि मी त्याला कौतुक समजून घरी घेऊन आले होते.

ब्रिन गेल्यावर एल्डनला समोर बसवलं.

"चौकोन तू हलवत होतास."

"हो."

"तुला रंगातलं काय कळतं?"

"काही नाही. लव्हीनाला कळतं. सुरुवातीला ती यायची. मग तू तिला घालवलंस, तेव्हापासून मी फोनवर फोटो काढून तिच्याकडे नेतो. ती सांगते, मी कागदावर लिहून आणतो."

त्याने खिशातून कागद काढला. 'पानांचा - सहावी ओळ. ती परत तिसरीत लावेल. परत सहावीत लाव.' असं लिहिलेलं होतं.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू आधी माझ्यावर ओरडली असतीस आणि मग शिवणं सोडलं असतंस. ओरडण्याचं मला काही नाही."

मी खूप रडले. आईच्या खुर्चीचं त्याला सांगितलं. म्हणाला, "ठाऊक आहे. मीच नाही का ती खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली होती?"

९ मार्च, सोमवार

सकाळीच शेजारी गेले. लव्हीनाने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि कॉफी ठेवायला आत वळली.

"मी तुला काय काय बोलले," मी म्हटलं. "आणि तू कबूल का केलंस?"

"कोणीतरी कबूल करायला हवं होतं. एल्डनने केलं असतं तर तुला कारण सांगावं लागलं असतं. मी आगाऊ आहे, हे तुला आधीपासूनच ठाऊक. माझ्या बाबतीत तुला कारण लागत नाही."

"लव्हीना, माफ कर मला."

"केलं. आता त्या तपकिरी ओळी घेऊन ये. उसवायला हव्यात. आणि डॉक्टरकडे जायचं."

हा सल्ला मी ऐकला. दुपारभर दोघी उसवत बसलो. ती तपकिरी वेगळं काढायची, मी दोरे ओढायची. तपकिरी तुकडे फेकायचे नाहीत असं ठरलं, तळाच्या मातीत लावायचे. मला इतकं हलकं वाटलं की तिच्या सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे खाल्ले आणि चांगला झालाय असं तोंडावर सांगितलं. ती दचकलीच.

१२ मार्च, गुरुवार

डोळ्यांची डॉक्टर आमच्या ब्रिनएवढी दिसते. तिने यंत्रातून बघितलं. मी एल्डनचा हात इतका आवळला होता की त्याच्या अंगठीचा वळ माझ्या बोटावर उठला.

"तुमच्या आईंना काय झालं होतं?" तिने विचारलं.

"डोळे गेले," मी म्हटलं.

"काचबिंदू," एल्डन म्हणाला. "तिच्या आईला काचबिंदू होता."

"तुम्हाला तो नाही," ती म्हणाली. "तुम्हाला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगलाच पिकलेला. काढून टाकू. वीस मिनिटांचं काम. तुम्ही इतके दिवस का थांबलात?"

एका भीतीला चुकीचं नाव देऊन मी इतके दिवस तिला घरात पोसत होते. परतताना एल्डनने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, टोपी काढली आणि देवाचे आभार मानले. मोठ्याने. हा माणूस जेवणापूर्वीची प्रार्थनासुद्धा पुटपुटतो.

कोणाची तरी तारीख रद्द झाली म्हणून मला सव्वीस मार्च मिळाली. ज्या कोणाची रद्द झाली, त्याचं भलं होवो.

२७ मार्च, शुक्रवार

काल उजवा डोळा झाला. लव्हीना आणि एल्डन दोघंही बाहेर बसले होते. आज सकाळी दवाखान्यात पट्टी काढली.

नर्सचा कोट पांढरा! मी पांढरा विसरले होते. डॉक्टरला म्हटलं, "तुमची भिंत आज रंगवली का?" ती हसली, म्हणाली, हे सगळेच विचारतात. एक डोळा झाकला की जग चहात बुडतं, दुसरा झाकला की वर येतं. गाडीतून सगळा रस्ताभर मी हाच खेळ खेळत होते. शेतातला गहू इतका हिरवा की मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले.

घरी आले. भिंतीसमोर खुर्ची ठेवलेली होती. मी बसले.

बहात्तर चौकोन. वर खरा गडद निळा. त्याखाली जांभळा, जो मी निळा समजत होते. मग गुलाबी, मग पिवळ्याच्या पाच छटा, ज्या मला महिनोन्‌महिने एकच दिसत होत्या. पानांचा चौकोन सहाव्या ओळीत, जिथे तो असायलाच हवा. मी मांडली असती त्याहून ही गोधडी चांगली आहे. हे लिहायला मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. लव्हीनाला सांगितलं तर ती म्हणाली, "हं," आणि नाक पुसलं.

मग तळाची माती बघितली. तपकिरी तुकड्यांची ओळ. तिच्या डाव्या टोकाजवळ एकच चौकोन भडक पिवळा. तपकिरीत तो डोळ्यात खुपत होता.

"हा चुकून राहिला," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं त्याला, नको लावू म्हणून," लव्हीना म्हणाली. "काल घरी आल्यावर तू झोपलीस, तेव्हा लावला त्याने."

एल्डन टोपीची कड फिरवत उभा होता.

"काढू का?" त्याने विचारलं.

"आधी सांग, का लावलास?"

"ब्रिनने आपल्या शेतावरचं आभाळ मागितलं होतं. मी ते ट्रॅक्टरवरून बघितलंय. दक्षिणेच्या शेतातून परतताना अंधार पडत आलेला असायचा. घर दिसायचं नाही, कोठी दिसायची नाही, सगळं मातीत गेलेलं. मग तू दिवा लावायचीस आणि तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची." त्याने पिवळ्या चौकोनाकडे बोट केलं. "इथे. मग मी तिच्याकडे बघत यायचो."

लव्हीना तिच्या घरी निघून गेली.

पन्नास वर्षं मी त्या खिडकीच्या आत उभी होते. बटाटे सोलत, भांडी घासत, हा अजून आला नाही म्हणून करवादत. बाहेरून ती कशी दिसते हे मी एकदाही बघितलं नव्हतं, आणि तो मला ते सांगायचं विसरला होता, किंवा सांगायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरने आठवडाभर शिवायला मना केलंय, म्हणून नुसती बसून आहे. पण कुठून सुरुवात करायची ते ठरलंय. तळाच्या ओळीपासून, डाव्या टोकाकडून.